आडनाव आले कुठून?

मंडळी, आपल्याकडे पेणचा तो पेणकर, वाईचा तो वाईकर. माणूस गाव सोडतो, पण गाव त्याला सोडत नाही. विलायतेतही अशी आडनावे आहेत. त्यांतली पुष्कळशी तलवारीबरोबर आली. ती हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी नावाचा मुलूख आहे. नॉर्मन म्हणजे उत्तरेकडचा माणूस. हे लोक मूळचे दर्यावरचे लुटारू. ९११ साली फ्रान्सच्या राजाने त्यांच्या पुढाऱ्याला तिथे जमीन दिली. मग ते तिथेच रमले, फ्रेंच बोलू लागले. पुढे १०६६ साली त्यांचा अधिपती विल्यम गलबते भरून इंग्लंडात उतरला. हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रजांचा राजा हॅरल्ड पडला, आणि विल्यम राजा झाला.

राजा झाल्यावर त्याने काय केले? इंग्रजांच्या जमिनी काढून घेतल्या आणि आपल्या माणसांना वाटल्या. १०८६ साली गावोगावच्या जमिनींची मोजदाद झाली. त्या वहीत बडे इंग्रज जमीनदार बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात. ज्यांची शेते गेली, त्यांचे काय झाले असेल ते शेतकऱ्याला सांगायला नको.

जमीन बापाकडून लेकाकडे जायची, म्हणून घराण्याला कायमचे नाव हवे झाले. कोणी आपले जुने गाव लावले. आपला 'कर' मागे लागतो, त्यांचा 'द' पुढे लागे. ब्री गावचे ते ब्रूस. कोणी बापाचे नाव लावले. 'फिट्झ' म्हणजे मुलगा. जेरल्डचा मुलगा तो फिट्झजेरल्ड.

ब्रूस घराणे पुढे स्कॉटलंडात गेले. कोळ्याचे जाळे पाहून धीर धरणाऱ्या रॉबर्ट ब्रूसची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. तोच हा. १३१४ साली त्याने इंग्रजांच्याच राजाला हरवले. फिट्झजेरल्ड ११६९ साली आयर्लंडात लढायला गेले, आणि काही पिढ्यांत तिथलीच भाषा बोलू लागले. याच आडनावाचा एक साहेब १८६७ ते १८७२ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या आईचे माहेरही फिट्झजेरल्डच.

'आमचा मूळपुरुष विल्यमबरोबर आला,' अशी बढाई विलायतेत फार. पण पक्का पुरावा असलेले सोबती मोजकेच. शिवाय गावावरून पडलेले आडनाव सरदाराचेही असे आणि त्या गावच्या साध्या माणसाचेही. नावावरून रक्त कसे ओळखणार?

आम्ही शाळेत होतो तेव्हा एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. आडनाव विचारले, तर म्हणाले, "गुरुजी, ते काय आम्हाला ठाऊक न्हाई. तुम्हीच घाला काहीतरी." आम्ही गावाच्या नावाला 'कर' लावला आणि पटावर लिहिले. आज त्यांची नातवंडे तेच आडनाव लावतात, आणि आमचे घराणे फार जुने, असे सांगतात.