दरवाजा का अडतो?

श्रोतेहो, आमच्या शुक्रवार पेठेतील जुन्या वाड्यांचे दरवाजे ज्यांनी उघडले-मिटले असतील त्यांना हे सांगावयास नको की, दरवाजा अडला की घरातील थोरले माणूस प्रथम तेलाची वाटी आणते. आणि गुडघा अडला की तीच वाटी जराशी कोमट होऊन गुडघ्याकडे वळते. तेलाशी माझे वैर नाही. तक्रार आहे ती 'वात' या एका शब्दाखाली साऱ्या सांध्यांची कैफियत दप्तरबंद करण्याच्या आपल्या सवयीविषयी.

बिजागरी वर्षानुवर्षांच्या वापराने झिजते. तो आपला साठीतला गुडघा, जो जिना चढताना दुखतो, बसल्यावर निवतो आणि सकाळी आखडला तरी बहुधा अर्ध्या तासाच्या आत चालता होतो. कधी बिजागरीत खडा अडकतो. ते वातरक्त, ज्यात यूरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचून पायाचा अंगठा एका रात्रीत असा लाल होतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. चौकटीला वाळवी लागते तो मात्र आमवात. येथे शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. माधवकराने हजाराहून अधिक वर्षांपूर्वी 'माधवनिदान' या आयुर्वेदाच्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले. आपण मात्र सारे पुन्हा एकाच गाठोड्यात बांधतो!

वाळवी वरून दिसत नाही. शेजारच्या एका भगिनीची, वय पस्तिशीच्या आत, पहाटे ज्वारीचे पीठ मळताना मूठ आवळेना, थापलेली भाकरी कडेला फाटे, दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली. दहाच्या सुमारास तीच बोटे मोकळी होत, म्हणून घरच्यांनी कामचुकारपणाचा निवाडा देऊन टाकला. दोन वर्षे तेल झाले, कोणाच्या तरी पुड्या झाल्या. पुडीने आठवड्यात उतार पडे, चेहरा तेवढा फुगे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. निदान झाले तेव्हा बोटे वाकली होती, आणि वाकलेले बोट कोणतेही औषध सरळ करीत नाही.

म्हणून विचारतो : सकाळी आखडलेले सांधे सुटावयास किती वेळ लागतो? कुकरच्या शिटीत ऐकू गेले नसेल, पुन्हा सांगतो. तासाहून अधिक लागत असेल, दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजत असतील आणि असे सहा आठवडे चालले असेल, तर तेलाची वाटी ठेवा आणि संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जा. त्यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध दिले, तर ती मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते, रोज नव्हे. ही चूक जिवावर बेतते.

२००६ साली महाराष्ट्रात चिकनगुन्याची साथ आली, तीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन्महिने धरलेले राहिले. तो आणखी निराळाच प्रकार, आणि त्याबद्दल... पण काचेपलीकडून निवेदक घड्याळाकडे बोट दाखवीत आहेत, आणि घड्याळ पाहण्याचा आग्रह आज मीच धरला आहे.