चूल आणि कूड : दोन हात अंतर ठेवा

(कळमनुरी तालुक्यातल्या वाड्यांच्या बैठकीत संघटनेच्या कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गावात वाचून दाखवावे.)



आजची बैठक वनहक्काच्या दाव्यांची आहे आणि आम्ही बोलणार आहोत चुलीवर. चूल कशी पेटवायची हे आयांना शिकवण्याएवढे आम्ही मोठे नाही. पण तूर निघाली आहे, तुराट्या घरोघर आल्या आहेत. आता जुनी कुडं काढून नवी बांधायचं काम निघेल. चुलीची जागा बदलायची तर हीच वेळ आहे. पुढे चैत्र-वैशाखाचा वारा सुटल्यावर उशीर होतो.

दाव्याचा आणि चुलीचा काय संबंध, असं कुणी विचारेल. ऐका. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आपण आदिवासी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ज्या वनजमिनीवर राहतो, जी जमीन कसतो, तिच्यावर आपला हक्क आहे. त्याला पुरावे लागतात, एक नाही, एकापेक्षा जास्त. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, हे सगळे पुरावे चालतात. नियमात आणखी एक पुरावा लिहिला आहे : घर, झोपडी, शेतातले बांध, जमिनीचं सपाटीकरण. म्हणजे आपलं कुडाचं घर हाच एक पुरावा आहे.

आता बाकीचे कागद आपण ठेवतो कुठं? पावसानं भिजू नयेत, उंदरानं कुरतडू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगतो. बऱ्याच घरांत ती पिशवी चुलीच्या जवळच असते, कारण तिथं कोरडं असतं. एक ठिणगी उडाली तर घर हा पुरावा जातो आणि पिशवीतला पुरावाही जातो. पिढ्यान्‌पिढ्याची वहिवाट अर्ध्या तासात राख होते.

आग लागते कशी ते समजून घ्या. कूड म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, नाहीतर बांबूच्या कामट्या, आणि वरून शेणमातीचा लेप. लेप आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण रोज दोन वेळा जाळ लागून लेप वाळतो, तडकतो, पापुद्रे सुटतात. आतली तुराटी वर्षानुवर्षं शेकत राहते. तिच्यातली ओल तर जातेच, पण पुढे ती काळी पडत जाते, कोळशासारखी होते. ओल्या किंवा ताज्या लाकडाला पेटायला जेवढी धग लागते, त्यापेक्षा कितीतरी कमी धगीनं असं शेकलेलं लाकूड पेट घेतं. म्हणून “इतकी वर्षं चूल इथंच आहे, काही झालं नाही” हे बोलणं बरोबर नाही. जितकी वर्षं जास्त, तितका धोका जास्त. आणि ही आग आधी लेपाच्या आत धुमसते. बाहेर दिसते तेव्हा ती छपरापर्यंत गेलेली असते.

मग अंतर किती ठेवायचं? थंड मुलखात, अमेरिकेसारख्या देशात, लाकडी भिंतींची घरं असतात आणि आत लोखंडी शेगडीत लाकूड जाळतात. तिथल्या आगीपासून बचावाच्या नियमात शेगडी आणि उघडी लाकडी भिंत यांच्यात 36 इंच, म्हणजे 3 फूट अंतर सांगितलं आहे. आपल्या मापानं दोन हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, साधारण 18 इंच. टेप लागत नाही, पट्टी लागत नाही. आणि ती शेगडी चहूबाजूंनी बंद असते. आपली चूल तोंडाला उघडी, वर भांडं नसलं की वरूनही उघडी. म्हणून दोन हात हे आपल्याला कमीत कमी धरायचं.

घर लहान आहे, दोन हात सोडले तर झोपायचं कुठं, हाही प्रश्न खरा आहे. त्याला उपाय आहेत.

पहिला : चूल कोपऱ्यात घालू नका. कोपऱ्यात दोन्ही बाजूंचं कूड शेकतं.

दुसरा : चुलीमागचा कुडाचा तुकडा काढून तिथं दगडमातीची किंवा कच्च्या विटांची भिंत घाला. आत एकही तुराटी, एकही मेढ नको. लांबी चुलीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जास्त, उंची उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत. आपल्याकडे दगडाला तोटा नाही. अशी भिंत असली तर चूल तिच्याजवळ चालते. कुडावर नुसता जाड लेप दिला तर ते काम होत नाही, कारण धग हळूहळू आत जातेच.

तिसरा : पत्रा लावायचा तर कुडाला चिकटवून ठोकू नका. पत्रा तापतो आणि ती धग थेट तुराटीला देतो. पत्रा आणि कूड यांच्यात अंगठ्याएवढी, म्हणजे इंचभर फट ठेवा. ती खाली आणि वर उघडी ठेवा, म्हणजे हवा खेळते आणि धग निघून जाते. तरीसुद्धा चूल पत्र्यापासून हातभर लांबच असू द्या.

चौथा : निर्धूर चुलीचा पाइप गवताच्या छपरातून नुसता भोक पाडून बाहेर काढू नका. पाइप तापतो, आत काजळी साचते आणि कधी ती काजळीच पेटते. पाइपच्या चहूबाजूंना हातभर गवत, लाकूड नको. तेवढ्या जागेत पत्रा घाला. काजळी महिन्यातून एकदा झाडा.

पाचवा : भिंतीला अंतर ठेवलं आणि सरपण चुलीला टेकवून ठेवलं, तर उपयोग काय? सरपण, गोवऱ्या, भुसकट, वाळत घातलेली लुगडी सगळं दोन हात लांब. चुलीच्या वर काही टांगू नका. रात्री लाकडं ओढून विझवा. राख कुडाच्या कडेला टाकू नका. राखेखाली इस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत जिता राहतो. खड्डा करून, पाणी मारून टाका. सांजच्याला एक घागर पाण्याची चुलीपाशी भरलेली असावी.

आता कागदांचं. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत, दाराजवळ, चुलीपासून लांब ठेवा. आग लागलीच तर आधी लेकरं, म्हातारी माणसं, मग जमलं तर पेटी. पेटीसाठी परत आत शिरू नका. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स काढून एक संच वनहक्क समितीकडे दाव्याला जोडा, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. शेजाऱ्याकडे नको, वाऱ्यात शेजारचं घरही जळतं. समितीनं दावा घेतला की पोच देणं तिचं काम आहे. ती पोच मागून घ्या.

आणि घर जळालंच, तर घाबरून जागा सोडू नका. घर जळालं म्हणून हक्क जळत नाही. हक्क वहिवाटीचा आहे. बांध शेतात उभे आहेत, म्हाताऱ्यांची तोंडं उघडी आहेत. त्याच दिवशी तलाठ्याला कळवा, पंचनामा करून घ्या, त्याची नक्कल मागा. सरकारी मदत पंचनाम्यावरच मिळते, आणि इथं घर होतं हेही त्याच कागदावर राहतं. ग्रामसभेत त्याची नोंद करा. त्याच जागी पुन्हा मेढी रोवा. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही ताब्यातल्या जमिनीवरून हटवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. कुणी येऊन “इथं घर कुठं होतं?” असं विचारलं, तर पंचनामा पुढे करा.

शेवटचं काम सांगतो. पुढच्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक वाडीतल्या दोन बाया आणि दोन पोरांनी घरोघर जाऊन हातानं माप घ्यावं. चुलीपासून कुडापर्यंत किती, सरपणापर्यंत किती, कागद कुठं टांगले आहेत. जिथं दोन हात भरत नाहीत, तिथं सगळ्यांनी मिळून एक दिवस दगडमातीचं काम करावं. विधवा बाई, एकटी म्हातारी यांचं घर आधी घ्यावं. जमिनीसाठी आपण तहसीलपर्यंत चालत गेलो. त्या जमिनीवरचं घर राखायला दोन हात सरकणं जड नाही.

जिंदाबाद!