आजी, उशा किती घेता?

(आपल्या सोसायटीचे ज्येष्ठ सभासद, ए विंगमधील निवृत्त बँक अधिकारी, यांनी १२ मे २०२४ रोजी परिचारिका दिनानिमित्त नगरमधील एका नर्सिंग महाविद्यालयात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून त्यांनी ते लिहून दिले आहे. शेवटचा मजकूर त्यांनी आपल्या सभासदांसाठी मुद्दाम जोडला आहे.)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. ३६ वर्षे बँकेत नोकरी केली. कारकून म्हणून लागलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मॅडमनी मला विषय दिला आहे 'हृदय, रक्ताभिसरण आणि फुफ्फुसाचे आजार : रुग्णाच्या घरच्यांच्या नजरेतून'. पहिला अर्धा भाग तुम्हाला पुस्तकातून माझ्यापेक्षा चांगला येतो. मी दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल बोलणार आहे.

नोव्हेंबर २०१७ मधली गोष्ट. तुमच्यासारख्याच पांढऱ्या ॲप्रनमधल्या मुली कम्युनिटी पोस्टिंगसाठी सावेडीत आमच्या सोसायटीत आल्या होत्या. दारोदार जाऊन माहिती भरत होत्या. आमच्या दारात एक मुलगी आली. खरं सांगतो, मला थोडा कंटाळाच आला होता. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी मी बँकेत निघालो होतो. पायात चपला घातलेल्या. म्हटलं, लवकर काय ते विचार.

माझी पत्नी सोफ्यावर बसली होती. तिचे माहेर पाथर्डी तालुक्यातले. ती मुलगीही तिकडचीच निघाली. मग काय, गावाच्या गप्पा सुरू झाल्या. बोलता बोलता मुलीने हिचे मनगट हातात धरले आणि घड्याळाकडे बघत राहिली. मग विचारले, "आजी, रात्री झोपताना उशा किती घेता?"

ही म्हणाली, "आधी एक घ्यायचे. दिवाळीच्या आधीपासून तीन लागतात गं. यांचीसुद्धा मीच घेते."

मंडळी, माझी उशी दोन महिने तिच्याकडे होती. मी चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपत होतो. ज्या माणसाने आयुष्यभर दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत कॅश बंद केली नाही, त्या माणसाला स्वतःच्या अंथरुणातला एवढा फरक दिसला नव्हता. दिसला नव्हता असं तरी कसं म्हणू? दिसत होता. मी त्याला नाव दिले होते 'वय'. पायावर सूज होती, तिला नाव दिले 'उभ्याने काम'. रात्री दोन वाजता धाप लागून ती उठून खिडकीशी बसायची, त्याला नाव दिले 'दमा'. लहानपणी चुलीच्या धुरात गेलेली बाई, दमाच असणार, असा माझा हिशेब. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या.

त्या मुलीने कागदावर लिहिले : नाडी ११०, श्वास ३०. मी म्हटलं, "तू तर नाडीच मोजत होतीस." ती म्हणाली, "आजोबा, आधी नाडी मोजली. मग हात तसाच धरून श्वास मोजले. श्वास मोजतेय असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो." मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात, हे मला त्या दिवशी कळले. वयाच्या ६५व्या वर्षी.

ती खाली जाऊन तिच्या मॅडमना घेऊन आली. मॅडमनी हिच्या घोट्याच्या वर अंगठ्याने दाबले. बोट काढले तरी खळगा तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "आज दवाखान्यात न्या." मी म्हटलं, "उद्या नेतो, आज हयातीचा दाखला द्यायचा आहे." त्या म्हणाल्या, "आजोबा, दाखला महिनाअखेरपर्यंत चालतो. आजींना आज न्या."

नेले. ईसीजी झाला, छातीचा एक्स-रे झाला, इको झाला. हृदयाची पंप करण्याची ताकद, ज्याला तुम्ही ईएफ म्हणता, ती ५५ टक्क्यांच्या पुढे असायला हवी. हिची ३० होती. फुफ्फुसात पाणी होते. डॉक्टर म्हणाले, केव्हातरी हार्ट अटॅक येऊन गेला असावा. हिला १५ वर्षे मधुमेह. मधुमेहात छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसती धाप, नुसता थकवा, नुसता घाम. लघवी वाढवणारे औषध सुरू केल्यावर पाच दिवसांत हिचे वजन चार किलोंनी कमी झाले. म्हणजे चार लिटर पाणी ती अंगावर वागवत होती, आणि घरात माझ्यासाठी चहा करत होती.

मी डॉक्टरांना विचारले, बिघडले हृदय, मग धाप का लागते? त्यांनी समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. चुकले तर मॅडम दुरुस्त करतील. हृदय म्हणजे एका छपराखालच्या दोन शाखा. उजवी बाजू शरीरातून आलेले रक्त घेते आणि फुफ्फुसाकडे पाठवते. तिथून प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येते, आणि डावी बाजू ते सगळ्या शरीराला पाठवते. मिनिटाला जवळजवळ पाच लिटर, दिवसाला एक लाख ठोके, बँक हॉलिडे नाही. आता पेमेंटचा काउंटर संथ झाला तर काय होते? रांग मागे वाढत जाते, दारापर्यंत येते. डावी बाजू थकली की रांग फुफ्फुसात लागते, तिथे पाणी झिरपते. आडवे झाले की जास्त, म्हणून उशा वाढतात. उजवी बाजू थकली की रांग पायांत लागते, म्हणून सूज. उशी आणि घोटा यांचा हृदयाशी काय संबंध, तर हा असा.

आता मी असं म्हणतो की, त्या मुलीने काही मोठे मशीन आणले नव्हते. तिने एक प्रश्न विचारला आणि एक मिनिट मोजले. तुम्हाला वाटेल, आजोबा स्वतःच्या घरचे म्हणून कौतुक करतात. तसे नाही. आपल्या महाराष्ट्रात या एका मिनिटाने किती जीव वाचवलेत, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले आपल्या जिल्ह्यातले. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, त्यातल्या कित्येक शाळेची पायरी न चढलेल्या, आणि त्यांना आरोग्य सेविका म्हणून शिकवले. क्षयाचा खोकला कोणता, कुष्ठरोगाचा चट्टा कोणता, हे त्या बायका ओळखू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे लोक जामखेडला बघायला आले ते काय? तर बघायला शिकलेल्या बायका.

दुसरे गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केले. तिथे ना एक्स-रे, ना डॉक्टर. मग न्यूमोनिया ओळखायचा कसा? श्वास मोजून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. ज्यांना आकडे येत नाहीत त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचे साधन त्यांनी तयार केले. गावातल्याच माणसांनी श्वास मोजले, औषध दिले आणि न्यूमोनियाने जाणारी मुले वाचू लागली. ते संशोधन १९९० मध्ये 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

तिसरे उदाहरण महाडचे. नोकरीत असताना माझी कोकणात बदली झाली होती, तेव्हा भातकापणीच्या दिवसांत विंचवाची भीती काय असते ते पाहिले आहे. लाल विंचू चावला की विषाने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी भरते. हृदय, रक्ताभिसरण, फुफ्फुस, तुमचा आख्खा विषय एका नांगीत! अशा गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या खाटेशी बसून ते नोंदी करत राहिले : घाम किती, उलटी झाली का, हातपाय गार कधी पडले, नाडी किती, रक्तदाब किती. १९८२ मध्ये त्यांचे जे लेखन 'लॅन्सेट'मध्ये आले ते औषधावर नव्हते, ते धोक्याच्या आधी दिसणाऱ्या लक्षणांवर होते. औषध नंतर आले. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी, जी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. वेळेत दिली की बहुतेक रुग्ण वाचू लागले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण क्रम लक्षात ठेवा : आधी बघणे, मग लिहिणे, मग औषध.

रुग्णाशेजारी सगळ्यात जास्त वेळ कोण असते? डॉक्टर नाही, तुम्ही. म्हणून तुमच्याकडे माझ्या चार विनंत्या आहेत.

एक, श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, आणि अंदाजाने '१८' किंवा '२०' तर कधीच लिहू नका. बँकेत न मोजता बंडल घेणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो, ते इथे सांगत नाही.

दोन, प्रश्न घरगुती भाषेत विचारा. "धाप लागते का?" म्हटलं की आमच्या पिढीतली बाई "नाही गं" म्हणते. "उशा किती?", "जिना चढताना मध्ये थांबता का?", "चप्पल घट्ट होते का?" असे विचारा. खरे उत्तर मिळेल.

तीन, घरी सोडताना वही द्यायला सांगा. आम्हाला वॉर्डातल्या सिस्टरने शिकवले : रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. मीठ मोजून. लोणचे, पापड, शेव, फरसाण बंद, ठेच्यात मीठ नाममात्र. हिला ते फार जड गेले. बिनमिठाच्या ठेच्याला ती ठेचा म्हणायला तयार नव्हती.

चार, "उद्या नेतो" म्हणणाऱ्या आजोबांना रागावा. त्या मॅडम रागावल्या नसत्या, तर मी दाखला द्यायला गेलो असतो.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. जुन्या सवयीने लेजरसारखी आखली आहे : तारीख, वजन, बीपी, सूज, उशा. पहिल्या पानावर उशा तीन. महिनाभरात दोन, मग एक. माझी उशी मला परत मिळाली. त्यानंतर सव्वापाच वर्षे ही आमच्यात होती. नातीचे लग्न तिने पाहिले, पंढरपूरला जाऊन आली, कोरोनाच्या दिवसांत सगळ्या विंगला पुरणपोळ्या पाठवल्या. या काळात दोनदा वजन एकदम वाढले, दोन्ही वेळा वहीमुळे कळले, औषध वाढवून घरीच निभावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र हृदयच थकले. शेवटच्या पानावर उशांच्या रकान्यात चार लिहिले आहे. त्यापुढची पाने कोरी आहेत.

मला सव्वापाच वर्षे मिळाली ती एका विद्यार्थिनीच्या एका मिनिटाने. तिचे नाव मी विचारले नाही, घाईत होतो ना. ती आज कुठल्या तरी दवाखान्यात नोकरीला असेल. तिला जे सांगायचे राहिले, ते तुम्हाला सांगतो. पोरींनो, पोरांनो, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

 

सभासद बंधू-भगिनींसाठी दोन शब्द :

रौप्यमहोत्सव साजरा करताना एक गोष्ट ध्यानात घेऊ. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा चाळिशी-पन्नाशीचे होतो. आज निम्म्या घरांत सत्तरीची माणसे आहेत. सोसायटीच्या ऑफिसात वजनकाटा आणि बीपीचे मशीन ठेवले आहे, ते कपाटात बंद राहू नये. बी विंगमधल्या निवृत्त सिस्टर रविवारी सकाळी एक तास बसतात, त्यांच्याकडे जावे. आजी-आजोबांच्या उशा वाढल्या असतील तर घरच्यांनी विचारावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, यातले काही झाले तर 'गॅस असेल' म्हणून बसू नये. १०८ ला फोन करावा, रुग्णवाहिका मोफत येते.

आणि एक विनंती, रागावू नका. रात्री गेटजवळ स्कूटर आडव्या लावू नका. हिला शेवटी नेताना तीन स्कूटर सरकवाव्या लागल्या. त्या कोणाच्या होत्या ते मी बघितले नाही, आणि मला ते जाणूनही घ्यायचे नाही. फक्त पुढच्या वेळी रस्ता मोकळा असावा.