नीलपुस्तिका आणि जनरल रजिस्टर

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला शाळेच्या आठवणींवर बोलण्यास सुचवले होते. आठवणी सांगणारे माझ्याहून अधिकारी लोक येथे पुष्कळ आहेत. म्हणून मी विषय थोडा वेगळा निवडला आहे. तो आहे नोंदींचा: आपल्याविषयी कोणी काय लिहून ठेवले आहे आणि ते पाहण्याचा आपल्याला काय अधिकार आहे, याचा. विषय रूक्ष वाटेल. पण शाळा म्हणजे अखेर नोंदी सांभाळणारे घरही असते.

सुरुवात काशीपासून करते. काशीचे आणि महाराष्ट्राचे नाते अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास उभारलेल्या विश्वेश्वराच्या देवळापासून भोसले घाटापर्यंत सर्वत्र दिसते. पण त्या नात्याचा सर्वांत जिवंत पुरावा दगडात नाही, तो तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहे. आपण गावाचे नाव आणि आडनाव सांगावे. उपाध्ये लाल कापडात बांधलेली वही सोडतात, पाने उलटतात, आणि पणजोबांची मोडीतली सही पुढे येते. ‘तुम्हांला हे कशासाठी पाहायचे आहे?’ असा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. नोंद तुमच्या घराण्याची आहे, एवढे कारण पुरते.

सरकारी दप्तराशी आपला संबंध मात्र दीर्घकाळ याच्या उलट राहिला. 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांनी केला आणि स्वातंत्र्यानंतरही तो तसाच चालू राहिला. कागद सरकारचा, म्हणून तो गुप्त. अपवाद असेल तर तो सरकारच्या मर्जीने. या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो काशीच्याच एका माणसाने.

राजनारायण यांचा जन्म 1917 मध्ये वाराणसी जिल्ह्यात झाला, शिक्षण काशी हिंदू विश्वविद्यालयात झाले. डोक्याला रुमाल बांधणारे, सभागृहात गदारोळ करणारे समाजवादी नेते म्हणून आपल्या पिढीला ते ठाऊक आहेत. वृत्तपत्रांनी त्यांची पुष्कळ थट्टाही केली. 1971 मध्ये ते रायबरेलीतून इंदिरा गांधींविरुद्ध उभे राहिले आणि एक लाखाहून अधिक मतांनी हरले. एवढ्या फरकाने हरलेला माणूस सहसा घरी जाऊन स्वस्थ बसतो. हे गृहस्थ अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. सरकारी यंत्रणा प्रचारासाठी वापरली गेली, असा त्यांचा आरोप होता. सभेचे मंच आणि ध्वनिक्षेपकांची सोय सरकारी अधिकाऱ्यांनी कोणत्या आदेशाने केली, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी एक पुस्तिका मागितली. पंतप्रधान दौऱ्यावर असताना त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था कशी ठेवावी, याच्या सूचना तिच्यात होत्या. तिला ‘ब्लू बुक’ म्हणत. आपण नीलपुस्तिका म्हणू.

उत्तर प्रदेश सरकारने ती दाखवण्यास नकार दिला. आधार घेतला तो 1872 च्या पुरावा कायद्यातील कलम 123 चा. राज्यकारभारासंबंधीचे अप्रकाशित कागद खात्याच्या प्रमुखाच्या परवानगीवाचून न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकत नाहीत, असे ते कलम सांगत होते. उच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 24 जानेवारी 1975 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला.

हा निकाल माहितीच्या अधिकाराचा पाया मानला जातो. पण त्या दिवशी राजनारायण जिंकले नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला आणि प्रकरण पुन्हा तपासण्यासाठी परत पाठवले. मात्र न्यायाधीशाला शंका वाटल्यास तो कागद स्वतः पाहून ठरवू शकतो, हे तत्त्व टिकले. आणि न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात एक विचार मांडला: जेथे जनतेचे सेवक आपल्या कृत्यांना जबाबदार असतात, तेथे गुपिते फार थोडी असू शकतात, प्रत्येक सार्वजनिक कृत्य जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे आणि तो भाषणस्वातंत्र्यातूनच निघतो. हा हक्क निरपेक्ष नाही, हेही त्यांनी तेथेच सांगितले. मागणारा त्या दिवशी रिकाम्या हाताने परतला. त्याच्या मागणीमुळे लिहिला गेलेला विचार मात्र देशाला मिळाला. पुढचे आपल्याला माहीत आहे: 12 जूनचा अलाहाबादचा निकाल, 25 जूनची आणीबाणी, आणि 1977 मध्ये त्याच रायबरेलीत राजनारायण यांचा विजय.

त्या विचाराचा कायदा होण्यास तीस वर्षे लागली. 1996 मध्ये राजस्थानातील ब्यावर गावी मजूर स्त्री-पुरुषांनी चाळीस दिवस धरणे धरले. मागणी काय, तर आमच्या मजुरीचे हजेरीपट आणि बिले आम्हांला दाखवा. 1997 मध्ये गोव्याने आपला कायदा केला. महाराष्ट्राचा 2000 चा कायदा दुबळा निघाला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर त्याच्या जागी सुधारित कायदा आला. अखेर 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम 6 मध्ये एक छोटे पोटकलम आहे: अर्जदाराला माहिती कशासाठी हवी, याचे कारण विचारता येणार नाही. मला ते वाचताना काशीचे उपाध्ये आठवतात.

आता शाळेकडे वळते, कारण हा कायदा आपल्या फाटकाबाहेर थांबत नाही. शासनाच्या अनुदानावर भरीव प्रमाणात चालणाऱ्या संस्था या कायद्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे अर्ज आला की उत्तर देण्याची जबाबदारी माझी, मुदत तीस दिवस. एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. विनाकारण विलंब झाला तर दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. खुर्चीच्या या बाजूला बसूनही मी या कायद्याच्या बाजूची आहे.

काही वर्षांपूर्वी एका पालकांनी पोषण आहाराची साठा नोंदवही आणि इमारत निधीची देयके मागितली. कार्यालयात थोडी कुरकुर झाली. मी लिपिकांना एवढेच म्हटले की, वही नीट लिहिली असेल तर दाखवायला वेळ लागणार नाही, आणि नीट लिहिली नसेल तर अर्ज उशिरा आला म्हणायचा. वही दाखवली. ते गृहस्थ दोन तास बसून आकडे उतरवून गेले. आज ते पालक-शिक्षक संघाचे काम पाहतात.

दुसरा प्रसंग निराळा होता. एका व्यक्तीने आमच्या एका माजी विद्यार्थिनीची जन्मतारीख आणि जात मागितली. सोयरीक जुळत होती आणि पत्रिका खरी की खोटी, हे पाहायचे होते. मी नकार दिला. त्यांनी अपील केले. तेथेही नकारच कायम राहिला. कारण विचारता येत नाही, याचा अर्थ काहीही मागता येते असा नव्हे. ती नोंद त्या मुलीची आहे. ती आपल्या पायांनी आली असती तर तिला साध्या अर्जावर उतारा मिळाला असता, माहितीच्या अधिकाराची गरजही पडली नसती.

स्वतःची नोंद आणि दुसऱ्याची नोंद, यांतील ही रेषा नाजूक आहे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, मात्र परीक्षकाचे नाव झाकून. ही तोडगी समज मला शिक्षिका म्हणून पटते. उलट 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8 मध्ये जो बदल केला, तो मला पटत नाही. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावे लागे. नव्या शब्दरचनेत माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढेच पुरते. व्यापक लोकहिताचे कलम अजून शिल्लक आहे, हे खरे. पण हजेरीपटावर मजुराचे नाव असतेच, आणि देयकावर कंत्राटदाराचे. ब्यावरच्या त्या बायकांना आज कोणी ‘हे वैयक्तिक आहे’ म्हणाले असते तर?

अर्ज करणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. मराठीच्या शिक्षिकेला ही अट मनातून आवडते; दीडशे शब्दांत मागणे मांडता आले पाहिजे. ‘रस्ता का रखडला?’ असे विचारू नये, कारण ‘का’चा कागद कोणत्याच कपाटात नसतो. कार्यादेशाची, मोजमाप पुस्तकाची, देयकांची प्रत मागावी. नस्तीतील टिपण्या मागाव्यात. खरी गोष्ट बहुधा तेथेच असते. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. उत्तर आले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरे. आयोगापुढे वर्षे जातात, हे मी लपवत नाही.

शेवटी आपल्या रजिस्टरांविषयी. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि राज्यभर शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरांना एकाएकी मोल आले. आपल्याकडेही लोक आले. पहिल्या रजिस्टराची पाने इतकी ठिसूळ झाली आहेत की उलटताना कडा हातात येतात. म्हणून महोत्सवी वर्षात सर्व रजिस्टरांचे स्कॅनिंग हाती घेतले आहे. पहिली तीन पूर्ण झाली आहेत. ज्यांना स्वतःच्या नोंदीचा उतारा हवा असेल त्यांनी पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि प्रवेशाचे अंदाजे वर्ष कागदावर लिहून, ओळखपत्रासह, शनिवारी सकाळी कार्यालयात यावे. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी माहेरचे नाव लिहावे. रजिस्टरात तेच आहे.