बंदुकीचा परवाना आणि घरातली बाई

आजचा विषय पापड-लोणच्याचा नाही, बंदुकीचा आहे. हसू नका, आपला संबंध आहे.

९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यांना गोळी घातली नव्हती, मारहाण करून मारलं. पण त्यानंतर सगळ्या मराठवाड्याचं लक्ष बीडमधल्या पिस्तुलांकडे गेलं. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरू लागले. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे मांडले : बीडमध्ये १२२२ शस्त्र परवाने, परभणीत ३२. परभणी म्हणजे १९९९ पर्यंत आपलाच जिल्हा. शेजारीशेजारी राहणाऱ्या माणसांच्या जिवाला इतका कमी-जास्त धोका कसा असेल? पुढे तपासणी झाली आणि बीडमधले शंभरावर परवाने रद्द झाले. म्हणजे ते आधी देताना कोणी नीट बघितलंच नव्हतं, असं आम्हाला वाटतं.

आपल्या देशात बंदूक हा हक्क नाही, सरकारची परवानगी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे पोलिसांचा अहवाल मागवून परवाना देतात. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचीही त्यात सोय आहे. रानडुकरं आणि रोही सोयाबीनचं काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. पण परवाना असला तरी जनावर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागतेच.

२०१९ मध्ये कायदा बदलला तेव्हा सरकारला माणशी एकच हत्यार ठेवायचं होतं. खासदारांनी हरकत घेतली आणि तीनाची दोन झाली. वाडवडिलांची बंदूक, घराण्याची शान, असं बरंच बोलणं झालं. त्याच वेळी लग्नात-मिरवणुकीत बेफिकिरीने गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. वरातीत कोणी पिस्तूल काढलं, तर नवरदेवाचा मामा आहे म्हणून गप्प बसू नका.

अमेरिकेत हाच वाद अर्धस्वयंचलित रायफलींवर चालतो. घोडा ओढला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप चढते. अशातल्या बऱ्याच रायफलींवर तिथे १९९४ ला बंदी आली, २००४ ला मुदत संपली आणि ती गेली. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या उवाल्डे गावात अठरा वर्षांच्या पोराने दुकानातून रीतसर घेतलेल्या अशा रायफलीने शाळेतली १९ लेकरं आणि दोन शिक्षिका मारल्या. वाद अजून तिथेच आहे. न्यूझीलंडने मात्र २०१९ च्या मार्चमध्ये मशिदींतल्या गोळीबारात ५१ माणसं गेल्यावर महिनाभरात कायदा केला.

हे सगळे वाद पुरुषांच्या जिवाचे नाहीतर शानीचे. बंदूक राहते मात्र घरात, कपाटात, नाहीतर उशाखाली. आणि दारू पिऊन आलेला माणूस ती नुसती टेबलावर ठेवतो तेव्हा गोळी सुटायची गरजच नसते. हात उचलला तर वळ दिसतो, दवाखान्यात दाखवता येतो. नुसत्या दाखवलेल्या पिस्तुलाचा वळ कुठे दाखवायचा? म्हणून अशी बाई तक्रारीत तेवढंच लिहीत नाही. ‘मारलं’ लिहिते, ‘शिव्या दिल्या’ लिहिते, हत्यार राहून जातं.

ते लिहाच. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत सोय आहे की, न्यायाधीशांनी लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकारी पोलिसांची मदत घेऊन हिंसाचारात वापरलेलं हत्यार जप्त करवू शकतात. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यालाही सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना थांबवता किंवा रद्द करता येतो. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने वेगळा अर्ज करा. परवाना नसलेला कट्टा असेल तर तो गुन्हाच आहे, ११२ ला फोन लावा. मनात चलबिचल असेल तर आधी महिलांच्या १८१ वर बोला.

अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आणि ती पोच घरात ठेवू नका, बहिणीकडे नाहीतर बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडे ठेवा.