संगणकाचा ताप आणि गटाचे पैसे



चाकण एमआयडीसीतल्या कामगारांना आमचा बचत गट डबे पुरवतो. पत्र्याच्या खोलीत एका बाजूला स्वयंपाक, दुसऱ्या बाजूला टेबलाखाली संगणक. महिनाअखेरीची बिलं त्याच्यावरच निघतात. गेल्या मे महिन्यात बिलं काढायला बसलं की पंखा घरघरायचा, काम रेंगाळायचं आणि वीस मिनिटांत संगणक बंद. बिल गेलं नाही तर पैसे येणार नाहीत, आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

दुकानदार म्हणाला, "ताई, पाण्याचा कूलर बसवा. सहा हजारांत काम होईल." पैसे गटाचे होते. म्हटलं, आधी दुखणं काय ते बघू.

संगणकात हिशेब करणारी चिप म्हणजे प्रोसेसर. ऑफिसच्या साध्या संगणकात ती बहुधा ६५ वॉटची असते. म्हणजे जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, तीही आगपेटीएवढ्या जागेत! ही उष्णता चिपवरच्या पेस्टमधून धातूच्या पात्यांत जाते आणि पंखा ती बाहेर ढकलतो. वाट अडली की चिप तापते. शंभर अंशांच्या आसपास ती आपला वेग कमी करते आणि तरीही भागलं नाही तर संगणक बंद पडतो.

मावशींचा मुलगा आयटीआयला आहे. त्याने वायर काढून डबा उघडला. पात्यांमध्ये पीठ आणि फोडणीचं तेल मिळून गोधडीसारखा थर बसला होता! पेस्ट वाळून पापडासारखी झाली होती. त्याने पंखा बोटाने धरून, फिरू न देता, ब्रशने पाती साफ केली. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. पंख्याचे चारही पाय 'टक्' आवाज येईपर्यंत दाबले. पेस्टची नळी दोनशे रुपयांच्या आत आली.

मग कूलर कधी घ्यायचा? बिलं, चिठ्ठ्या, बँकेची कामं असतील तर प्रोसेसरसोबत आलेला पंखा पुरतो. व्हिडिओ तयार करणं किंवा तासन्‌तास जड काम असेल तर मोठ्या पात्यांचा टॉवर कूलर घ्यावा. पण घेण्याआधी तो आपल्या प्रोसेसरच्या सॉकेटला बसतो का आणि डब्यात मावतो का, हे विचारा. पाण्याचा कूलर फार तापणाऱ्या, महागड्या प्रोसेसरसाठी. त्यातला पंप बिघडू शकतो. आणि कुठलाही पंखा किंवा पाण्याचा कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. खोलीच ४० अंशांची असेल तर तो तरी काय करणार?

म्हणून आम्ही संगणक चुलीपासून लांब, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. बिलं आता सकाळी काढतो. दर तीन महिन्यांनी साफसफाई, असा ठराव बैठकीच्या वहीत लिहिला आहे. दुपारी पंखा अजून थोडा घरघरतो, पण संगणक बंद पडत नाही.

वाचलेल्या पैशांतून आम्ही डब्यांसाठी नवी पातेली घेतली. मैत्रिणींनो, यंत्र अडलं की घाबरू नका. महाग वस्तू घ्यायच्या आधी डबा उघडून बघा, कोणाला तरी विचारा. गटाचा एकेक रुपया आपल्या घामाचा आहे.