पानिपताहून परतीची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पानिपत येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पानिपत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लढाई उभी राहते. विश्वासरावांना लागलेली गोळी, भाऊसाहेबांचे गर्दीत दिसेनासे होणे, हे सारे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. आज त्याविषयी आम्ही बोलणार नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी दुपार कलल्यावर जे सुरू झाले, त्याविषयी, म्हणजे पळण्याविषयी, आम्हांस बोलावयाचे आहे. 'पळाले' हा शब्द आपल्याकडे खाली मान घालून उच्चारला जातो. आमच्या मते यात त्या माणसांवर अन्याय होतो.

ती माणसे कोणत्या अवस्थेत पळत होती, हे आधी ध्यानी घ्यावे. सुमारे अडीच महिने छावणीची कोंडी झालेली, दाणावैरण संपलेली. सकाळी लढाईला निघाली तीच उपाशी. आणि भोवतालचा मुलूख कसा? आज सकाळी आपण काला आंबच्या स्मारकापाशी उभे राहून चहूकडे पाहिलेच आहे. नजर पोहोचेल तिथवर सपाटी. साताऱ्यास यवतेश्वरच्या घाटात हल्ली दरवर्षी धावण्याची मोठी शर्यत होते. चढावर छाती फुटते असे धावणारे सांगतात. परंतु डोंगर दमवतो तसा लपवतोही. एक वळण घेतले की मागचा माणूस दिसेनासा होतो. सह्याद्रीच्या लेकरांना याचीच सवय. येथे वळण नाही, दरी नाही, कडा नाही. चांदणे पडले तर कोसभरावरचा माणूसही उघडा. अरवलीच्या टेकड्या लागावयाच्या त्या पार दक्षिणेस, रेवाडीच्या बाजूला.

त्याच दिशेने एक अठरा वर्षांचा मुलगा निघाला होता. पुढे ज्यांच्या बुद्धीवर मराठी राज्य कैक वर्षे तगले, ते नाना फडणीस. आपल्या छोट्याशा आत्मवृत्तात त्यांनी ही वाटचाल स्वतः लिहून ठेवली आहे, आणि मराठी गद्यात इतके निर्भीड लेखन विरळाच, असे आम्हांस वाटते. तीर्थयात्रेच्या ओढीने आईला व पत्नीला घेऊन ते फौजेबरोबर उत्तरेत आलेले. सायंकाळी पानिपत गावात पोहोचले तो सोबतीस कोणी नाही, वाटेची माहिती नाही. तेथे भेटले रामाजीपंत. घोडा सोडा, अंगावरचे कपडे टाका, ही त्यांची मसलत. घोडा असलेला माणूस श्रीमंत दिसतो आणि श्रीमंत दिसला की मारला जातो, हा त्यातला हिशेब. फडणिशी घराण्यातला तो मुलगा लंगोटी लावून अंधारात पश्चिमेकडे चालू लागला. बरोबर रामाजीपंत आणि बापूजीपंत. वाटेत गिलच्यांनी गाठले; दोघे सोबती जखमी झाले, नाना गवतात लपून वाचले. भूक असह्य झाली तेव्हा झाडाचा पाला खाऊन पाहिला. पुढे एका बैराग्याने पीठ दिले. रेवाडी पानिपताहून सरळ रेषेत मोजली तरी सव्वाशे किलोमीटरांहून दूर आहे. पालखीत वाढलेल्या पायांनी ती गाठली! तेथून पुढे दीग, सूरजमल जाटाच्या मुलखात, जेथे आपल्या असंख्य माणसांना अन्न आणि आसरा मिळाला. पत्नी पुढे सुखरूप भेटली. आई मात्र पुन्हा भेटली नाही.

दुसरी कथा महादजी शिंद्यांची. त्यांच्याखाली उत्तम दक्षिणी घोडी होती. पाठीवर एकटा अफगाण स्वार, त्याचा घोडा थोराड आणि बोजड. घोडी भरधाव सुटे, अंतर पडे, महादजी तिला श्वास घेण्यापुरते थांबवीत, आणि मागे पाहावे तो तो स्वार आपल्या त्याच संथ चालीने येतच आहे. वेगाने जिंकता येत नाही असे अंतर ते होते. अखेर घोडी दमून खड्ड्यात कोसळली. स्वाराने महादजींच्या गुडघ्यावर घाव घातला, दागिने आणि घोडी घेतली, आणि त्यांना तेथेच टाकून तो निघून गेला.

तेथे राणेखान आला. हा भिस्ती, पखालीने पाणी वाहणारा. जखमी सरदाराला त्याने आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडची वाट धरली. बैलाची चाल ती केवढी! पण ती टिकली. महादजींनी त्याला पुढे 'भाई' म्हटले, आणि ते नुसते म्हणण्यापुरते राहिले नाही. १७८८ साली गुलाम कादिराने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्लीवर चालून गेलेल्या शिंद्यांच्या फौजेचा सेनानी हाच राणेखान होता. ज्या मुलखातून त्याने एक लंगडा मनुष्य बैलावर घालून नेला, त्याच मुलखात तो सत्तावीस वर्षांनी हुकूम देत परतला.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. सगळेच काही दक्षिणेस पोहोचले नाहीत. पानिपत-कर्नालकडील रोड समाजातील अनेक कुटुंबे स्वतःला तेथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि १४ जानेवारीस काला आंबपाशी मोठ्या संख्येने जमतात. आपण नोकरीधंद्यासाठी गाव सोडून येथे आलेले. त्यांच्याशी आपले येणेजाणे अधिक हवे, एवढे आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीच्या कानावर घालतो.

महादजींचा पाय अखेरपर्यंत अधू राहिला. नाना आणि ते पुढे एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले, त्या राजकारणात आज शिरत नाही. दिल्लीचा बादशहा ज्यांच्या शब्दावर चाले, ते हे पाटीलबावा पामर नावाच्या इंग्रज वकिलाला सांगत, की तो अफगाण आणि त्याचा तो थोराड घोडा अजूनही आपल्या स्वप्नात येतात, आपली देखणी दक्षिणी घोडी पुढे, आणि तो मागून, त्याच चालीने.